उभं राहण्याची नोकरी

जळगावातल्या एका साडीच्या दुकानात मी बारा वर्षं काम करते आहे. पहिली सात वर्षं आम्ही सगळे बसून साड्या विकायचो आणि गेली पाच वर्षं उभ्याने विकतो. एवढ्याशा फरकापायी माझ्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, दुकानातला सगळ्यात चांगला माणूस सोडून गेला आणि दुकानाचंही काही भलं झालं नाही. पण हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, तुमचं काय, एसीत काम आहे. नवऱ्याने हेच म्हटलं, नणंदेने हेच म्हटलं. दवाखान्यातून घरी आणणाऱ्या रिक्षावाल्यानेही माझ्या पायाच्या पट्टीकडे बघून हेच म्हटलं. मे महिन्यात जळगावात रस्त्यावर पाऊल ठेववत नाही, त्यामुळे एसी हा शब्द निघाला की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही.

मी मूळची धुळ्याची. लग्नाआधी तिथल्या एका लहान कापड दुकानात दोन वर्षं काम केलं होतं. साडीची घडी न मोडता पदर कसा दाखवायचा, हे तिथे शिकले. मग लग्न होऊन जळगावला आले आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर या दुकानात विचारायला गेले. तेव्हा दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी होती. वर पांढरी चादर, मागे लाकडी कपाटं. गिऱ्हाईक चपला बाहेर काढून गादीवर बसायचं आणि आम्ही समोर मांडी घालून. कपाटातून साडी काढायला उठायचं, ती आणून पसरायची, पुन्हा बसायचं. दिवसातून शंभर वेळा ऊठबस व्हायची आणि त्याचा कधी त्रास वाटला नाही.

आमचं खरं काम म्हणजे लग्नाचा बस्ता. एरंडोल, पारोळा, धरणगाव अशा बाजूंनी गाड्या भरून माणसं यायची. नवरीचा शालू, नवऱ्याकडच्या बायकांच्या साड्या, माम्या, आत्या, मानपानाच्या साड्या, सगळी खरेदी एका बैठकीत. चार-चार तास चालायचं. चहा यायचा, एखादं मूल साड्यांच्या ढिगाशेजारी झोपून जायचं, एखादी आत्या रुसायची.

त्या रुसलेल्या आत्याला ओळखायचं कसं, हे मला नानांनी शिकवलं. नाना आमच्यातले सगळ्यात जुने, तीस वर्षं याच दुकानात. दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातले. खेड्यातली माणसं आली की नाना थेट अहिराणीत सुरू व्हायचे. दुसरी साडी उलगडेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं की या घरात शेवटचा शब्द कुणाचा आहे. मग तिसरी साडी बरोबर तिच्याच मांडीवर जायची. साडी नेसून कशी दिसेल हे दाखवायला नाना ती स्वतःच्या खांद्यावर टाकत. डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर मोरपंखी पदर, आणि तरी त्यांना कुणी हसत नसे. बायका साडी बघायच्या.

दुकानाचे मोठे शेठ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हृदयाच्या दुखण्यामुळे घरी बसले आणि धाकट्या शेठांनी कारभार हातात घेतला. धाकटे शेठ शिकलेले, सुरत-पुण्याची दुकानं बघून आलेले. त्यांनी दोन महिने दुकान बंद ठेवून सगळं नवं केलं. उघडलं तेव्हा मला स्वतःलाच आत जायला संकोच वाटला. पांढऱ्या फरश्या, काचेचे काउंटर, छतात दिवेच दिवे. गिऱ्हाइकांसाठी गोल सोफे. काउंटरच्या मागे आमच्यासाठी दोन फुटांची पट्टी, आणि तिच्यात काहीच नाही.

मला वाटलं खुर्च्या यायच्या असतील. दुसऱ्या दिवशी विचारलं. धाकटे शेठ फार नम्रपणे बोलतात. म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक उभं आणि आपण बसलेले, बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक तर सोफ्यावर बसलंय."

"मग तर आपण उभंच राहायला हवं," ते म्हणाले.



धाकट्या शेठांनी नाशिकच्या एका मॉलमधून मॅनेजरही आणला होता. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, पण त्याला सर म्हणायचं. सरांचं बरंचसं काम कॅमेऱ्यासमोर चालायचं. सकाळी दहा ते रात्री साडेआठ आम्ही उभे आणि सर आत बसून आम्ही उभे आहोत ना हे बघत. पहिल्याच आठवड्यात आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये नानांचा फोटो आला. कपाटाला पाठ टेकलेली, एक पाय किंचित उचललेला. खाली लिहिलं होतं, 'टेकून उभे राहू नये.' नानांचा फोन साधा, त्यांना फोटो दिसलाच नाही. दाखवायचं जिवावर आलं, म्हणून मीच तोंडी सांगितलं. नानांनी पाठ सरळ केली आणि कामाला लागले.

जेवायला अर्धा तास मिळायचा आणि बसायला गोडाउनच्या जिन्याच्या पायऱ्या. आधी तळपाय जळायला लागले, मग टाचा दुखायला लागल्या. वर्षभरात संध्याकाळी सँडलचा पट्टा लागेनासा झाला. पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. घरी पोचलं की ओट्यापाशी पुन्हा उभी. एकदा नवऱ्याला म्हटलं, आज चहा तुम्ही टाका. त्यांनी टाकला आणि पुढचे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला.

जिन्याखाली फॉल-पिको करणारे चाचा बसायचे. तेही जुनेच, गादीच्या काळापासूनचे. त्यांचं दुखणं नेमकं उलटं होतं. पाठ नसलेल्या स्टुलावर दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, त्याने कंबर गेलेली. पाठीची खुर्ची मागितली तर येण्याजाण्याची वाट अडते म्हणून सर नाही म्हणाले होते. एकदा चारच्या चहाला चाचा कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांचं स्टूल रिकामं दिसलं म्हणून मी टेकले. दहा मिनिटं ते उभे राहून कंबर सोडवत होते आणि मी बसून पाय. दोघांनाही इतकं बरं वाटलं की मग ते रोजचंच झालं. मी बसल्याबसल्या त्यांच्या फॉलला टाचण्या लावून द्यायचे, म्हणजे त्यांचंही काम अडत नसे.

वीस-बावीस दिवस हे चाललं. मग सरांनी कॅमेऱ्यात बघितलं. मला सांगितलं की ते स्टूल विक्रीच्या माणसांसाठी नाही, आणि चाचांना सांगितलं की कामाच्या वेळात मशीन सोडून उठायचं नाही. दहा मिनिटांत दोन माणसांचं भलं होत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. ते बंद करून सरांना काय मिळालं, हा प्रश्न मला अजूनही पडतो. चाचा फक्त एवढंच म्हणाले की आपलं नशीब, दोघांची दुखणी एका माणसात असती तर निदान खर्च तरी एकाच डॉक्टरचा झाला असता.

त्याच सुमाराला मला नानांचं एक खोटं सापडलं. पारोळ्याकडचं एक घर आलं होतं. त्यांना एका विशिष्ट काठाची पैठणी डाळिंबी रंगात हवी होती. नाना म्हणाले, त्या रंगात नाही. मी सकाळीच ती वरच्या गोडाउनमध्ये लावलेली. मला वाटलं विसरले असतील, म्हणून बोलायला पुढे झाले, तर नानांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. ते घर दुसरं काहीतरी घेऊन गेलं. मला रागच आला. ज्या माणसाने मला धंदा शिकवला, तो घरात असलेल्या मालाला नाही म्हणतो. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं.

दमले की नाना माझ्याशीही अहिराणीतच बोलायचे. म्हणाले, "माले माहीत शे ना. चढी तं जासू, पन उतरानं कसं?"

गुडघे धरून एकेक पायरी उतरताना मी त्यांना बघितलं होतं. तरी पुढचे दोन-तीन दिवस मी त्यांच्यावर रागावलेलीच होते. मग एका संध्याकाळी एका बाईने मला विचारलं, यात हिरवा आहे का, आणि मी काही विचार न करता म्हटलं, हिरव्यात संपली. हिरवी माझ्या मागे खालच्या कप्प्यात होती. वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. बाई गेली. मला माझीच लाज वाटली, पण वाकले नाही हे खरं. पूर्वी एका बस्त्याला मी साठ-सत्तर साड्या उलगडायचे, तेव्हा कुणी पुन्हा पहिली दाखवा म्हटलं तरी कपाळाला आठी पडत नसे. आता वीस झाल्या की मी गिऱ्हाइकाला घाई करायला लागले होते.

चुका सगळ्यांच्याच व्हायला लागल्या. ब्लाउजपीस एकाचा, पिशवी दुसऱ्याची. एका नवरीचा शालू भुसावळच्या भलत्याच घरी गेला आणि हळदीच्या आदल्या दिवशी तो परत आणताना सगळ्यांची पळापळ झाली. सकाळच्या मीटिंगमध्ये, जी अर्थातच उभ्याने व्हायची, सर म्हणायचे की तुमचं लक्ष नसतं. मी एकदा धीर करून म्हटलं की सर, या सगळ्या चुका संध्याकाळी सहानंतरच्या आहेत, सकाळी एकही नाही. त्यांनी विचारलं, मग काय सहाला दुकान बंद करू? मी गप्प बसले. बसले म्हणजे उभीच होते.

त्यावर उपाय म्हणून नाशिकहून एक शिकवणारे गृहस्थ आणले. चेहऱ्यावर हसू कसं ठेवायचं, हा विषय. दुकान उघडायच्या आधी तीन तास. ते उंच खुर्चीवर बसून बोलत होते आणि आम्ही अर्धगोल करून उभे. थकवा हा शरीरात नसून मनात असतो, असं त्यांनी सांगितलं. नाना माझ्या शेजारी होते, त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला होता. मग आम्हाला सगळ्यांना शेजारच्याकडे बघून हसायला लावलं. नाना माझ्याकडे बघून हसले. ते बिचारे मनापासून हसले, त्यांना बहुतेक सगळ्याचंच हसू आलं होतं.

मग माझा पाय फुटला. लग्नसराईचे दिवस, दुपारचे चार. धरणगावजवळच्या एका गावातलं घर बस्त्याला आलेलं, दहाएक माणसं. नवऱ्या मुलाची आत्या, साठीची बाई, सगळ्यांच्या मध्ये बसलेली. मी जांभळा शालू काउंटरवर पूर्ण पसरला होता. बोलता बोलता पायाला काहीतरी कोमट लागलं. वाटलं, पाण्याची बाटली सांडली असेल. खाली बघितलं तर सँडल रक्ताने भरलेली, आणि घोट्याच्या वर एका शिरेतून बारीक चिळकांडी उडत होती. दुखत काहीच नव्हतं.

मी पहिलं काय केलं तर शालू गोळा केला. काउंटरच्या कडेला लोंबत होता, त्याला डाग लागू नये म्हणून वर ओढला, घडी घातली, बाजूला ठेवला. मग पायाकडे बघितलं. याचा मला आजही संताप येतो. स्वतःच्या पायातून रक्त जातंय आणि मला शालूची काळजी.

आत्याचं लक्ष गेलं. गिऱ्हाइकाने काउंटरच्या मागे यायचं नसतं, पण ती आली. माझा दंड धरून म्हणाली, "बठ माय, आधी बठ." मी कुठे बसणार? तिने मागे बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं. मग मला विचारलं, "तुले बठाले जागाच नही शे का वं?"

मी फरशीवर बसले. तिने मला आडवं केलं आणि साड्यांच्या खोक्यावर माझा पाय उंच ठेवला. तोवर चाचा फॉलच्या कोऱ्या कापडाची गुंडाळी घेऊन आले. सर उठू नका म्हणाले होते, तरी आले. त्यांनी ते कापड शिरेवर दाबून घट्ट बांधलं. सर आले, त्यांनी आधी फरशी पुसायला सांगितली आणि मग रिक्षा बोलावली. खोटं कशाला बोलू, रिक्षापर्यंत मला धरून त्यांनीच नेलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं उभं राहून शिरा फुगल्या आहेत, व्हेरिकोजचं ऑपरेशन करावं लागेल. तोपर्यंत घट्ट मोजे घालायचे आणि दर तासाला थोडा वेळ बसायचं. मी म्हटलं, कामावर बसता येत नाही. त्यांना वाटलं मी माझ्या कामाचा व्याप सांगतेय. म्हणाले, कितीही काम असलं तरी पाच मिनिटं काढायची. मग मी नीट सांगितलं की बसायला बंदी आहे.  नंतर त्यांनी दुसरी नोकरी बघायचा सल्ला दिला. हा सल्ला मला तोवर चार जणांनी दिलेला होता. त्यांना मी चिठ्ठी मागितली. त्यांनी लिहून दिलं की या बाईंना कामाच्या वेळी अधूनमधून बसू द्यावं.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "किती दिवसांसाठी?"

जणू बसणं म्हणजे गोळ्यांचा कोर्स. शेवटी त्यांनी मला गोडाउनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून साड्यांना बारकोडच्या चिठ्ठ्या चिकटवायला लावलं. अकरा वर्षं साड्या विकलेली बाई चिठ्ठ्या चिकटवत होती आणि खाली लग्नसराईत काउंटरवर नवखी मुलगी उभी होती. मला वाटलं, एक खुर्ची खाली न्यायला यांना इतकं जड का जातंय?

मी वर असतानाच नाना गेले. काही भांडण नाही, काही नाही. एका सकाळी कपाटाच्या किल्ल्या आणि मीटरपट्टी सरांच्या टेबलावर ठेवली, वर येऊन मला सांगितलं की दोंडाईचाला भाच्याचं लहानसं दुकान आहे, तिथे बसतो आता. "गादी शे तठे," एवढंच म्हणाले आणि धरून धरून जिना उतरले.

नाना गेले तशी त्यांची गावंही गेली. पुढच्या सराईत फोन यायचे, नाना आहेत का? नाहीत म्हटलं की फोन बंद. त्याच वर्षी आबा दिवाळीच्या पूजेला दुकानात आले. बऱ्याच दिवसांनी आले होते. गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसले, इकडेतिकडे बघितलं आणि नाना कुठे म्हणून विचारलं.  मी पूजेसाठी खाली आलेले. मीच सांगितलं, गुडघ्यांपायी गेले. आबा म्हणाले, तू तरी बस. मी म्हटलं, आबा, बसायची परवानगी नाही. त्यांना ते नीट कळलंच नाही. त्यांनी धाकट्या शेठांना आत बोलावलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही.

आठ दिवसांनी चार उंच खुर्च्या आल्या. मला खरंच आनंद झाला. संध्याकाळी ग्रुपवर नियम आला की समोर गिऱ्हाईक असताना खुर्चीवर बसू नये. गिऱ्हाईक नसताना बसावं, तर कॅमेऱ्यात रिकामे बसलेले दिसतो, म्हणून कुणी बसेना. महिनाभरात त्या खुर्च्यांवर गिऱ्हाइकांच्या पर्स आणि पिशव्या ठेवायची पद्धत पडली. आम्ही त्यांच्या शेजारी उभे.

ऑपरेशन झाल्यावर मी पुन्हा काउंटरवर आले. पहिल्याच दिवशी एका खुर्चीवरच्या दोन पिशव्या उचलून काउंटरवर ठेवल्या आणि बसले. समोर सासू-सून होत्या. त्यांना बसूनच सात साड्या दाखवल्या. सर येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी मान वळवली नाही. सासूबाईंना बहुतेक ते हाताखालचे वाटले, त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा पाणी आणता का?" सर गेले आणि पाणी घेऊन आले. त्या बायकांनी तीन साड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तोच नियम पुन्हा आला. मी वाचला आणि जाऊन बसले.

आता मी रोज बसते. कुणी उठवत नाही, कुणी बस असंही म्हणत नाही. चाचांच्या पाठीच्या खुर्चीसाठी मी दोनदा बोलले, सर बघू म्हणाले. मी बसले की दोन मुली बसतात. तिसरी बसत नाही, तिला कामाला लागून वर्ष झालंय. मी तिला विचारलं, तर म्हणाली, मला सवय झालीय, अक्का, काही त्रास नाही. परवा दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा मी तिला जिन्यापाशी नेऊन मोजा खाली करून पाय दाखवला. उजवा, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय तो. तिने नीट वाकून बघितला, दुखतो का विचारलं, आणि काउंटरवर जाऊन पुन्हा उभी राहिली.